तीन मतदारांचं गाव

आबा, मी मत दिलं. अमेरिकेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मेथीच्या जुडीपासून सुरुवात करीन आणि मुद्द्यावर येईतो चूल विझेल. मत दिलं, आणि तेही असल्या जागी की जिथे सगळे मिळून मतदार तीन. आपल्या वस्तीवर म्हशी त्याहून जास्त होत्या. तिघांतली एक मी, दुसरी शेजारची म्हातारी आणि तिसरा तिचा भाचा. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून हसला असता आणि मग विचारलं असतं, अगं पण बाकीचं गाव कुठं गेलं? तेच तर सांगायचंय. बाकीचं गाव अजून आलेलंच नव्हतं.

मी इथली नागरिक झाले त्याला फार दिवस झाले नाहीत. वय आणि इथे काढलेली वर्षं बघून मला इंग्रजीची परीक्षा माफ झाली. साहेबानं विचारलं ते दुभाष्यानं मराठीत करून सांगितलं, मी पाठ केलेली उत्तरं धडाधड देऊन मोकळी. शपथेच्या दिवशी एका मोठ्या हॉलमध्ये जगातली सगळी माणसं गोळा झालेली, कुणी झग्यात, कुणी फेट्यात, आणि मी हिरव्या काठापदराच्या साडीत. हातात कागदाचा झेंडा. माझी नात फोटो काढत होती आणि रडत होती, मी मात्र हसतच होते. चौथीतून शाळा सुटली माझी, तेव्हापासून पहिल्यांदाच कसली तरी परीक्षा पास झाले होते, आनंद होणार नाही का?

त्या नागरिकपणाचा उपयोग इतक्या लवकर होईल असं काही वाटलं नव्हतं. माझा लेक, तुम्ही त्याला कडेवर घेऊन बांधावरून फिरवायचात तो, आता इथल्या प्लेनो शहरात एका जमिनीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनी मोठमोठी कुरणं विकत घेते, तिथे रस्ते, नळ, गटारं घालते आणि घरं बांधणाऱ्यांना प्लॉट पाडून विकते. लेक त्या पाइपांचे नकाशे काढतो. एक दिवस जेवताना मला म्हणाला, "आई, थोडे दिवस मोकळ्या हवेत राहायला आवडेल का तुला?"

मी म्हटलं, "का रे, घराबाहेर काढतोस का मला?"

सून हसली, पण तो हसला नाही. म्हणाला, "कंपनीची जमीन आहे, वर उत्तरेला. तिथे ट्रेलर ठेवलेत. राहायचं आणि मे महिन्यात एक व्होट द्यायचं. बस."

"कुणाला?"

"कुणाला नाही गं. पाण्याला. तिथे सिटी नाही, म्हणून पाण्यासाठी वेगळं मंडळ काढायला लागतं. तिथे राहणाऱ्यांनी व्होट केलं की ते होतं."

"मग तिथे राहणाऱ्यांना विचारा की."

"तिथे कुणी राहत नाही ना, आई. म्हणून तर तुला सांगतोय. बॉसनं स्वतः विचारलं, तुझ्या घरात कुणी आहे का म्हणून."

आबा, दुसरी कुणी असती तर तिथेच तिला काहीतरी खटकलं असतं. मी हुरळून गेले. कशानं ते सांगते, हसू नका. सुकटानं. सुनेच्या घरात स्वयंपाकघराला भिंतच नाही. सुकट भाजलं की कोचाला वास, पडद्यांना वास, तिच्या ऑफिसच्या कोटाला वास. ती बिचारी बोलत नाही, नुसत्या खिडक्या उघडते, पण ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं. इतक्या वर्षांत मी सुकट भाजलं नव्हतं. आणि आता मला माझी स्वतःची शेगडी मिळणार होती. अर्विंग गावातल्या आपल्या देशी दुकानातून सुकट आणलं, बोंबील आणले, लसूण, तिखट, लोखंडी तवा, सगळं बांधून घेतलं आणि लेकाच्या गाडीत अशी बसले, की जणू पहिल्यांदा सासरी निघालेय.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. आजूबाजूला नजर जाईल तिथवर गवत आणि वारा. असला वारा की वाळत घातलेलं पातळ दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागे. आणि त्या गवतात सगळीकडे लाकडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांना गुलाबी फिती बांधलेल्या. लेकानं दाखवलं, इथे रस्ता येणार, इथे घरांची रांग, इथे तळं. मी रोज सकाळी त्या खुंट्यांमधून फिरायला लागले. कुठल्या घराच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येईल, कुणाच्या दारात दिवसभर सावली, सगळं मला पाठ झालं. पायरीशी मी मेथी टाकली होती ती छान उगवली, तेव्हा खुंट्या बघून लक्षात आलं, माझी मेथी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत उगवलीय.

शेजारच्या ट्रेलरात एक गोरी म्हातारी. कामावर देखरेख करणारा जो मुकादम, त्याची ती मावशी. त्याचा तिसरा ट्रेलर. मावशी अंगानं काटकुळी, तोंडात सिगारेट, पायाशी एक आंधळा कुत्रा. मी पहिल्यांदा सुकट भाजलं त्या दिवशी ती दार वाजवून विचारायला आली, "हनी, काय मेलंय का इथे?" मी म्हटलं, "फिश. ड्राय. यू ईट?" खाल्लं की तिनं! तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाचं पाकीट घेऊन आली. त्यावर लिहिलेली कृती मी बोट ठेवून मोठ्यानं वाचली. वन कप. टू एग्ज. तिनं टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं दुकानातलं, तिचं बोलणं सिगारेटच्या धुरातलं, पण आमचं जमलं. म्हाताऱ्या बायकांना गुडघ्यांचं दुखणं सांगायला भाषा कशाला लागते?

हे इंग्रजी वाचणं मला माझ्या नातीनं शिकवलं. ती तिसरीच्या मुलांना शिकवते. मुलांची अक्षरांची पत्त्यांसारखी कार्डं असतात, ती घेऊन रविवारी माझ्या खोलीत बसायची. लेकाला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणजे आम्ही लपवलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही, एवढंच. त्याच्या डोक्यात आई म्हणजे जिला दुकानात पाटी वाचून दाखवावी लागते ती.

तर ही नात एका रविवारी तिकडे आली. मी मोठ्या हौसेनं माझं घर दाखवलं, मेथी दाखवली. ती काही हसेना. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजी, यू डोन्ट इव्हन लिव्ह हिअर."

"राहते की. ही बघ मेथी."

"आजी, सीरियसली. दे आर यूझिंग यू."

मग तिनं सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या त्या मोडक्या गोड मराठीत. तिचं ज्या मुलाशी ठरलंय तो आणि ती घर बघत फिरतायत. असल्याच एका वस्तीत त्यांना घर आवडलं, पण घराच्या करात एक जादा कर निघाला, पाण्याच्या मंडळाचा, पुढची कितीतरी वर्षं भरायचा. मंडळानं मोठं कर्ज काढलेलं, रस्त्या-गटारांचा खर्च त्यातून कंपनीला परत मिळालेला आणि ते कर्ज घरवाल्यांनी फेडायचं. तिनं दलालाला विचारलं, हे ठरवलं कुणी? तो म्हणाला, ठरवणारे केव्हाच निघून गेले.

"दॅट्स यू, आजी," नात म्हणाली. "तू व्होट करणार आणि निघून जाणार. मग जी फॅमिली इथे येईल, दे पे. अँड नोबडी आस्क्ड देम."

"कायद्यात बसत नाही का हे?"

"बसतं. दॅट्स द वर्स्ट पार्ट."

मला राग आला. तिचाच. मी म्हटलं, "तुझा बाबा काय वाईट माणूस आहे का?"

तर ती हळूच म्हणाली, "बाबा इज नॉट बॅड. बाबा इज स्केअर्ड. त्याच्या टीममधल्या दोघांना काढलं, त्यानं तुला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. ती गेल्यावर मी त्या पायरीवर किती वेळ बसून होते कुणास ठाऊक, आणि मला तुमची सहल आठवली, आबा. तुम्ही सोसायटीचे पंच होतात. चेअरमनच्या निवडणुकीआधी साखर कारखान्यावरच्या पुढाऱ्याची जीप आली आणि तुम्हा पंचांना उचलून कोकणात घेऊन गेली, समुद्र दाखवायला. दुसऱ्या बाजूच्या माणसानं गाठू नये म्हणून. तुम्ही परत आलात ते मतदानाच्या दिवशीच, थेट सोसायटीच्या दारात. मला तर जीपचंच कौतुक, मी सगळ्या वस्तीवर सांगत सुटले होते, आमचे आबा समुद्र बघून आले. आणि तुम्ही मात्र घरी येऊन गुपचूप हातपाय धुतलेत. त्या ट्रेलरच्या पायरीवर मला कळलं, मीही सहलीलाच आलेय. माझं सुकट म्हणजे तुमचा समुद्र.

तरी मी सामान बांधून परत गेले नाही. का गेले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. शेगडी सोडवेना हे एक. आणि लेकाला काय सांगायचं हे दुसरं.

मत द्यायच्या थोडं आधी कंपनीचा साहेब आला, लेकाला बरोबर घेऊन. उंच, चामड्याचे बूट, वागायला अगदी गोड. मला पेढ्यांचा डबा आणलेला, खास अर्विंगहून. मावशीला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा. ती नंतर म्हणाली, "तुला मिठाई, मला हॅम. आपण तर महाग बायका निघालो, हनी." साहेबानं मतपत्रिकेचा नमुना टेबलावर पसरला. प्रश्न तीन. मंडळ व्हावं का, मंडळाचे संचालक हेच असावेत का आणि मंडळानं कर्ज काढावं का. प्रत्येकापुढे दोन गोल. साहेब बोलत होता आणि लेक मराठीत सांगत होता, पण माझ्याकडे न बघता, माझ्या तव्याकडे बघत.

"आई, तिन्ही ठिकाणी पहिला गोल भरायचा. पहिला, पहिला, पहिला. वाचायची गरज नाही."

"कर्ज केवढं रे?"

त्यानं आकडा सांगितला. तो काही माझ्या डोक्यात मावला नाही.

"आणि फेडणार कोण?"

"इथे राहणारे."

"म्हणजे मी?"

"आई, प्लीज." साहेबाला वाटलं आम्ही चहाचं बोलतोय, तो हसून मान डोलवत होता.

मी चहा टाकला. साहेब बाहेर फोनवर बोलायला गेला तसं मी लेकाला विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

आबा, त्याचा चेहरा असा झाला, लहानपणी विहिरीच्या काठावरून खाली बघताना व्हायचा तसा. म्हणाला, "मस्करी नको, आई. तीन व्होट्स आहेत. कुणी काय केलं हे कळायला मिनिट लागत नाही. माझं घर आहे, पोरीचं लग्न आहे. तुला इथे आणलं कुणी? मी. मग विचारणार कुणाला?"

खरं होतं ते. मत गुप्त असतं म्हणतात, पण तिघांत काय गुप्त राहणार? एका ताटात जेवणाऱ्या तिघांपैकी भाकरी कुणी खाल्ली हे लपतं का? त्या दिवसापासून माझं सुकट बेचव झालं. वारा वाढला तसा ट्रेलर करकरायला लागला की मला दचकायला व्हायचं. मावशीशी बोलावं असं पुष्कळदा मनात आलं, पण तिचा भाचा मुकादम, ती कुणाच्या बाजूची कुणास ठाऊक. दोघी एकमेकींच्या ट्रेलरात खात होतो, पीत होतो आणि त्या एका विषयावर दोघीही मूग गिळून होतो.

आणि मला रोज आपला तो ऊस दिसायचा. तुम्ही सहलीहून येऊन दुसऱ्याच माणसाला मत दिलंत. पंच मोजकेच, कळायला कितीसा वेळ? त्या हंगामात सगळ्यांच्या उसाला तोड आली, आपल्याला नाही. टोळी बांधावरून जायची, पलीकडच्या शेतात कोयते चालायचे आणि आपल्या उसाला तुरे येऊन तो पांढरा पडत चाललेला. आई चुलीपुढे बसून तुम्हाला बोलत होती, "त्यांच्यात जेवलात, त्यांच्या जीपमध्ये बसलात, मग मत का दिलं नाही? आता तरी जा आणि सांगा, चुकून झालं म्हणून. काय झिजणार आहे तुमचं?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "जेवण त्यांचं होतं, हात माझा होता." ते ऐकून आईनं तवा आपटला. मीही आईच्याच बाजूची होते, आबा. मला त्या वर्षी नवं परकर-पोलकं मिळालं नाही, मला तुमचा हात कशाला कळतोय?

मताचा दिवस उजाडला. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, त्यावर पेटी, पेटीमागे चष्मा लावलेली एक बाई. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. बाईनं विचारलं, मदत पाहिजे का, घरचं कुणी आत बोलवायचं का? लेक बाहेर गाडीला टेकून उभा होता. मी म्हटलं, "नो, थँक्यू." आडोशामागे गेले. कागद इंग्रजीत, खाली स्पॅनिशमध्ये. मराठीत कुठून असायला? बोट ठेवून वाचलं. फॉर. अगेन्स्ट. पाण्याला आणि मंडळाला मी फॉर केलं, माणसाला पाणी तर लागणारच. संचालकांची नावं कुणाची होती मला काय माहीत, तिथेही सांगितल्यासारखं केलं. तिसऱ्यापाशी आले आणि बोट थांबलं.

खरं सांगते, तेव्हा मला तुम्ही आठवला नाहीत. मला ती खुंट्यांमधली बाई आठवली. जिच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येणार आहे ती. कोण, कुठली, कुणाची सून, मला माहीत नाही. हौसेनं भांडी लावत असेल आणि कराचा कागद आल्यावर नवऱ्याला विचारेल, हे कुणी ठरवलं हो? मी दुसरा गोल भरला. काळा कुळकुळीत भरला, चुलीला पोतेरं घालावं तसा, कुठे पांढरं राहू दिलं नाही. आणि पेटीत कागद टाकताना, आबा, भीती होतीच आणि तरीही आतून असा आनंद झाला, की मला हसू आवरेना. बाईला वाटलं म्हातारी गोड आहे. तिनं मला झेंड्याचा स्टिकर दिला.

ऊन कलल्यावर मोजणी. साहेब आला होता, त्यानं आधीच लेकाच्या खांद्यावर हात ठेवलेला. मोजायला काय लागतं? पहिल्या प्रश्नाला तीन फॉर. दुसऱ्यालाही तीन. तिसऱ्याला बाई थांबली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, फॉर एक, अगेन्स्ट दोन.

दोन! मी चमकून मावशीकडे बघितलं. ती कुत्र्याचा कान खाजवत होती. साहेब म्हणाला, पुन्हा मोजा. तीन कागद पुन्हा मोजले. शेडच्या पत्र्यावर वारा धडधडत होता. मुकादम मावशीपुढे जाऊन उभा राहिला, रागानं लाल. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "हो, मीच. माझ्या बहिणीचं घर अशाच वस्तीत होतं, कर भरता भरता विकावं लागलं तिला. मत माझं आहे ना?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबानं, बाईनं, मुकादमानं. लेकानं सगळ्यांत शेवटी. तो नुसतं "आई?" म्हणाला. एवढंसं.

आणि मी म्हणाले, "काय झालं रे? पहिला, पहिला आणि... शेवटी दुसरा गेला का? मला दिसतंय कुठे धड. वाचता कुठे येतंय मला!"

लेकाच्या अंगातून हवा निघाल्यासारखे त्याचे खांदे खाली आले. तो साहेबाकडे वळून भराभर इंग्रजीत सांगायला लागला, आईला वाचता येत नाही, शाळा झालेली नाही, वय झालंय, गोंधळली. मला सगळं कळत होतं. साहेब आधी बघत राहिला, मग हसला. मोठ्यानं हसला, माझ्या पाठीवर थोपटलं आणि "ओह, स्वीट लेडी" म्हणाला. सगळे हसले. मावशी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला माहीत होतं तिच्या डोळ्यांपुढे काय आहे. वन कप. टू एग्ज.

ती काही बोलली नाही. मला उघडं पाडणं तिला एका वाक्याचं काम होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीनं शरद ऋतूत पुन्हा मतदान घेतलं, दुसरी माणसं आणून ठेवली आणि कर्ज मंजूर झालं. म्हणजे माझ्या त्या काळ्या गोलानं एक उन्हाळा तेवढा अडवला. लेकाची नोकरी राहिली. ऑफिसात त्याच्या आईचा किस्सा सांगून हसतात म्हणे, तोही हसतो. मुकादमाला मात्र तिथून हलवलं, लांबच्या कुठल्याशा कामावर टाकलं, कारण त्याच्या मावशीनं चुकून नाही, ठरवून केलं होतं. निघायच्या दिवशी मी तिला तव्यावरचं गरम सुकट डब्यात भरून दिलं. तिनं घेतलं. "बाय, हनी," म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली, तेच मला जास्त लागलं.

नातीला मी सांगायची गरज पडली नाही. तिच्या बाबानं गाडीत सगळी हकीकत हसत हसत सांगितली, तेव्हा ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर एकदाच म्हणाली, "आजी, यू वेअर सो ब्रेव्ह. अँड देन यू वेअर नॉट." मी म्हटलं, "तुझ्या बाबाची नोकरी गेली असती तर?" ती म्हणाली, "आय नो." आता ती कार्डं घेऊन येत नाही. रागानं नाही, लग्नाची गडबड आहे. असं मी धरून चालते.

हे सगळं लिहायचं कारण कालचं आहे. शाळेच्या बोर्डाचं मतदान आलंय. आता खरंखुरं, हजारो माणसांचं. जेवताना लेक माझ्या पानात आमटी वाढत म्हणाला, "आई, या वेळी मी तुझ्याबरोबर आत येतो. चालतं तसं, घरचं माणूस मदतीला घेता येतं. तू नुसतं सांग, गोल मी भरतो. परत गोंधळ नको व्हायला." किती मायेनं म्हणाला, आबा. सून म्हणाली, बरं होईल. नात समोर बसलेली, तिनं चमचा खाली ठेवला.

मी हो म्हणाले.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. नातीला मराठी वाचता येत नाही आणि लेक माझी ट्रंक उघडत नाही, म्हणून तर इतकं मोकळं लिहिलं. खरं सांगून टाकावं असं सकाळपासून मनात आहे. तो ऑफिसातून येईल, बूट काढील, मी चहा देईन आणि म्हणेन, बाळा, मला येतं वाचायला. इतकंच तर म्हणायचंय. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. काल हो म्हणताना मी काही नुसती भीतीनं म्हणाले नाही. म्हटलं, इतक्या वर्षांनी लेक माझा हात धरून कुठे तरी नेणार आहे. आणि मला बरं वाटलं.